मोलगीहून लॉग-इन

तर मंडळी, गेल्या मे महिन्यात साडेपाच आठवडे मी मोलगीला होतो. सुट्टीवर नाही, कामावर! रोज सकाळच्या मीटिंगला "हॅलो, माझा आवाज येतोय का?" म्हणायला हजर होतो, ऑफिसच्या फायली उघडत होतो, शिव्याही वेळच्या वेळी खात होतो. फक्त बसलो होतो सातपुड्यात.

"मोलगी कुठे आलं?" हा प्रश्न मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून पाठ आहे. नंदुरबारला उतरायचं, तळोद्यावरून अक्कलकुवा गाठायचं आणि तिथून घाट चढायचा. एवढं सांगितलं की पुण्यातले मित्र म्हणतात, "अच्छा, म्हणजे गुजरातजवळ." हो, गुजरातजवळ. मध्य प्रदेशही फार लांब नाही. लांब काय ते पुणंच आहे.

नाना मूळचे शिरपूरकडचे. आश्रमशाळेत शिक्षक म्हणून इकडे आले आणि रिटायर झाल्यावर इथेच राहिले. एप्रिलच्या शेवटी अंगणात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे वॉकर, आणि एकट्याने उठायचं नाही. नाना सहा फुटी, आई जेमतेम पाच. हिशोब सरळ होता.

ऑफिसचा हिशोब मात्र सरळ नव्हता. आमची चाळीस माणसांची कंपनी. दुसऱ्या कंपन्यांचे पगाराचे जुने हिशोब नव्या सिस्टिममध्ये नेऊन द्यायचे हे आमचं काम. म्हणजे हजारो लोकांची नावं, बँक खाती, पॅन, आधार, कुणाच्या पगारातून किती कर्ज कापलं जातं, सगळं एक्सेलच्या फायलींमध्ये. त्या फायली ऑफिसमधल्या एका सर्व्हरवर. कंपनी लॉकडाउननंतर सुरू झालेली, सगळे ऑफिसात येऊनच काम करणारे, त्यामुळे बाहेरून आत यायची सोयच नव्हती. मॅनेजरने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जा तू. पण फायली ऑफिसच्या बाहेर जाता कामा नयेत, क्लायंटच्या करारात तसं लिहिलंय. आणि हो, व्हीपीएन कुठलं घ्यायचं ते तूच बघ."

ज्याला तहान, त्यानेच विहीर खणायची. बरं.

इथे एक खुलासा. यूट्यूबवर प्रत्येक तिसऱ्या व्हिडिओत ज्याची जाहिरात असते ते व्हीपीएन वेगळं. त्यात तुमचा सगळा ट्रॅफिक कुठल्यातरी अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवरून जातो आणि समोरच्या साइटला तुमचा पत्ता दिसत नाही. त्याने तुम्ही ऑफिसात पोचत नाही, फक्त दुसऱ्याच्या घरातून बाहेर पडता. मला हवा होता तो बोगदा माझ्या लॅपटॉपपासून थेट ऑफिसच्या राउटरपर्यंत, मधल्या कुणालाही आत काय चाललंय ते न दिसणारा. त्यासाठी ऑफिसच्या लाइनला एक स्थिर पब्लिक आयपी लागतो. तो आम्ही महिन्याचे पैसे भरून घेतला.

मग मी रीतसर तक्ता केला. इंजिनिअर माणूस, तक्ता केल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही.

पहिला उमेदवार पीपीटीपी. आमच्या जुन्या राउटरमध्ये होतंच, एका टिचकीत चालू झालं असतं. पण हे नव्वदीच्या दशकातलं प्रकरण. २०१२ साली डेफकॉनमध्ये त्याचं पासवर्ड तपासण्याचं कुलूप जाहीरपणे फोडून दाखवलं गेलं, आणि ॲपलने २०१६ मध्ये आयफोन आणि मॅकमधून ते काढूनच टाकलं. बाद.

दुसरा एलटूटीपी आणि आयपीसेकची जोडी. विंडोजमध्ये आयती मिळते. पण सेटिंग्जचं जंगल, आणि मोबाईल नेटवर्कवर एकाच पब्लिक पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाईकं बसलेली असतात तिथे ती कधी रुसेल सांगता येत नाही.

तिसरं ओपनव्हीपीएन. याची जन्मकथा मला भारी आवडते. जेम्स योनान नावाचा प्रोग्रामर मध्य आशियात फिरत होता आणि तिथल्या, रशियातल्या कुठल्या कुठल्या इंटरनेट लाइनींवरून आपल्या ऑफिसच्या मशीनला जोडत होता. या अनोळखी तारांमधून आपलं काम जातंय याची त्याला धास्ती वाटली आणि त्यातून २००१ मध्ये ओपनव्हीपीएन आलं. म्हणजे माझाच पूर्वज!

चौथं वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्डने लिहिलेलं, मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये थेट दाखल झालेलं. साधारण चार हजार ओळींचा कोड. बाकीच्यांचा कोड वाचायला आयुष्य पुरणार नाही, हा एका वीकेंडला निदान चाळता तरी येतो.

मी निवडलं ओपनव्हीपीएन. कारण? ते यूडीपीऐवजी टीसीपीवर, ४४३ पोर्टवरून चालवता येतं. साध्या सुरक्षित वेबसाइट्स जिथून जातात तोच दरवाजा, त्यामुळे कुठलंही नेटवर्क सहसा अडवत नाही. 'कुठूनही चालेल' हा माझ्या तक्त्यातला सगळ्यात जाड अक्षरातला रकाना होता. वर सुरक्षा म्हणून लॉग-इनला एसएमएसवर ओटीपी. कोथरूडच्या फ्लॅटमधून, फायबरच्या लाइनवर, टेस्ट केली. मख्खन! मॅनेजरला तक्ता मेल केला आणि रात्रीची गाडी पकडली.

तक्त्यात एक रकाना नव्हता. लाइन तुटली की काय होतं?

मोलगीत आमच्या घरी एका सिमला रेंज खिडकीत येते आणि दुसऱ्याला गच्चीच्या जिन्यावर. मी खिडकीच्या गजाला फोन बांधला आणि हॉटस्पॉट चालू केला. पहिल्या दिवशी व्हीपीएन जोडलं गेलं, मी खूश. नऊ मिनिटांनी तुटलं. परत जोडायला गेलो तर ओटीपी हवा. ओटीपी येणार एसएमएसवर, आणि ते सिम होतं दुसऱ्या फोनमध्ये. तो घेऊन जिन्यावर गेलो, ओटीपी आला, खाली येऊन टाकेपर्यंत मुदत संपली. हा ओटीपी मीच लावला होता बरं का. सुरक्षा इतकी कडक की मालकच बाहेर!

जोडलं गेलं तरी चालत नव्हतं. चक्र फिरतंय, फिरतंय, मग एकदम सगळं बदाबदा येणार, मग परत शांत. कारण पुस्तकात शिकलो होतो, पण अंगावर पहिल्यांदा आलं. टीसीपीचा स्वभाव असा की पाठवलेल्याची पोच आली नाही की तो परत पाठवतो. आता टीसीपीच्या बोगद्यातून परत टीसीपीच नेलं तर? नाना पलंगावरून आईला म्हणतात, "त्याला हाक मार." आई हाक मारते, मी गच्चीवर, ऐकू येत नाही, म्हणून ती आपणहून परत हाक मारते. तेवढ्यात नानांना वाटतं तिने मारलीच नाही, म्हणून ते परत सांगतात. दोघंही आपापल्या परीने बरोबर. मी खाली येतो तेव्हा सहा हाका एकदम कानावर पडतात आणि काम एकच असतं, पाणी. चांगल्या लाइनवर हा गोंधळ दिसत नाही कारण हाक पहिल्यांदाच पोचते. खराब लाइनवर फक्त हाकाच उरतात.

आणि त्यावर कडी एक्सेलची. सर्व्हरवरची फाइल मी थेट शेअर्ड फोल्डरमधून उघडत होतो. विंडोजचा फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल ऑफिसच्या लॅनसाठी घडलेला, दर पावलाला सर्व्हरला विचारत जाणारा. ऑफिसात एका सवाल-जवाबाला मिलिसेकंदही लागत नाही. घाटावरून दोन-तीनशे लागत होते, आणि असे सवाल शेकड्यांनी. बारा एमबीची फाइल उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात नानांचा व्यायाम घेऊन व्हायचा. मध्येच लाइन गेली, परत आलो, तर मेसेज: फाइल दुसरी व्यक्ती वापरते आहे. त्या व्यक्तीचं नाव? माझंच! माझं भूत फायलीवर बसलं होतं आणि मलाच आत येऊ देत नव्हतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी वादळ आलं, लाइट गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक हिशोब क्लायंटला द्यायचा होता. रात्री साडेदहाला ऑफिसमधल्या एका मित्राचा फोन आला. तो अजून डेस्कवरच होता.

"अरे कशाला त्रास करून घेतोयस? फोल्डर झिप करतो, तुझ्या पर्सनल ड्राइव्हवर टाकतो. पाच मिनिटांचं काम. कोण बघतंय?"

मी किती वेळ विचार केला असेल? प्रामाणिकपणे सांगतो, अजिबात नाही. म्हणालो, "टाक."

रात्री दोनला रेंज आली. झिप उतरवली, हिशोब पूर्ण केला, मेल केला. काम झालं. झोप मात्र नीट लागली नाही, पण ते डासांमुळे असेल असं मी स्वतःला सांगितलं.

सकाळी आठच्या सुमारास एक गृहस्थ आले. जवळच्या पाड्यावरचे, कापडी पिशवी घेऊन. मे म्हणजे इकडे आमचूरचा मोसम. कैऱ्या सोलून, फोडी करून गच्चीवर, अंगणात, खडकावर वाळत घातलेल्या असतात आणि लोक त्या मोलगीच्या बाजारात व्यापाऱ्याला विकायला आणतात. बाजाराला आलं की गुरुजींकडे डोकवायचं ही जुनी रीत. गुरुजी पडले हे कळल्यावर तर यायलाच हवं. पिशवीत थोडं आमचूर होतं नानांसाठी, आणि खाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. बँकेचं पासबुक, आधार कार्ड, कुठल्याशा योजनेचा अर्ज.

नानांनी पडल्यापडल्या चष्मा लावला. एकेक कागद घेतला, वाचला, काय लिहिलंय ते त्यांना समजेल अशा बोलीत सांगितलं, आणि दुसरा घेण्याआधी पहिला त्यांच्या हातात परत दिला. अर्जात एक सही राहिली होती. ते गृहस्थ म्हणाले की सगळं इथेच ठेवतो, पुढच्या बाजारी नेईन, गुरुजींनी सावकाश भरून ठेवावं. नाना नाही म्हणाले. आईकडून पेन मागवलं, मला खुर्ची सरकवायला लावली आणि तिथल्या तिथे अर्ज भरून दिला. पाय दुखत होता ते चेहऱ्यावर दिसत होतं.

ते गेल्यावर मी म्हटलं, "नाना, ठेवून घ्यायचे ना कागद. तुम्ही आजारी, ते परत येणारच होते."

नाना म्हणाले, "पस्तीस वर्षं लोकांचे कागद वाचतोय. घरात रात्रभर एकही राहिला नाही. वाचायला घ्यायचं, ठेवायला नाही. उद्या उंदराने कुरतडला तर त्याच्याकडे दुसरा आहे का?"

एवढंच बोलून ते आमचूर चाखण्यात गुंतले. त्यांना माझ्या झिपबद्दल काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

देशातले पहिले आधार क्रमांक आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात दिले गेले, शहादा तालुक्यातल्या टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१०ला. मी तेव्हा शाळेत होतो. पेपरातले फोटो नानांनी दाखवले होते. तसे हजारो आकडे त्या सकाळी माझ्या पर्सनल ड्राइव्हवर पडून होते. ती माणसं मला ओळखत नव्हती. त्यांचे कागद माझ्या घरी रात्रभर राहिले आहेत हे त्यांना कधी कळणारही नव्हतं.

ड्राइव्हवरून झिप काढली, ट्रॅशमधूनही काढली, लॅपटॉपवरून काढली. मग जिन्यावर जाऊन मॅनेजरला फोन केला. मित्राचं नाव न घेता सांगायचं ठरवलं होतं, पण 'मीच मागवली' एवढं म्हटलं आणि ते खरंच होतं. 'टाक' तर मीच म्हणालो होतो. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं रेंज गेली.

"हॅलो?"

"आहे मी," तो म्हणाला. "क्लायंटला कळवावं लागेल. लिहून पाठव, काय, किती वाजता, कधी डिलीट केलं. आणि दोन दिवसांत हे नीट नाही झालं तर तुला परत यावं लागेल. सॉरी."

त्याची काही चूक नव्हती. मी लिहून पाठवलं. आयुष्यात लिहिलेला सगळ्यात अवघड मेल, आणि अकरा ओळींचा.

मग जिन्यावरच बसून नवा तक्ता केला. या वेळी एकच रकाना: तुटल्यावर काय? आणि तेव्हा डोक्यात आलं की मी प्रश्नच उलटा सोडवत होतो. फायली मोलगीला आणायच्या कशाला? मीच पुण्याला जायला हवं. म्हणजे ऑफिसमधलं माझं मशीन चालू ठेवायचं आणि रिमोट डेस्कटॉपने त्याच्यावर काम करायचं. फाइल उघडणार पुण्यात, सेव्ह होणार पुण्यात, घाट चढून येणार फक्त चित्र. लाइन गेली तरी पुण्यातली एक्सेल तशीच उघडी राहते, परत आलो की कर्सर जिथे होता तिथेच. भुताचा प्रश्नच मिटला. क्लिपबोर्ड आणि ड्राइव्ह जोडायची सोय बंद केली, म्हणजे मनात आलं तरी फाइल इकडे ओढता येणार नाही. वाचायला घ्यायचं, ठेवायला नाही.

(रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा मात्र ठेवू नका हं. २०१९ मधली ब्लूकीपची भानगड आठवत असेल. पासवर्ड न देताच आत शिरता येईल असं भोक त्यात सापडलं होतं. आधी बोगदा, मग दरवाजा.)

बोगद्यासाठी आता वायरगार्ड घेतलं. ते यूडीपीवर चालतं, त्यामुळे हाकांचा गोंधळ नाही. पासवर्ड नाही, दोन्हीकडे किल्ल्यांच्या जोड्या. आणि मला हवी होती ती गोष्ट: तुम्ही कुठल्या पत्त्यावरून बोलताय याला ते चिकटून बसत नाही. खिडकीतल्या सिमवरून जिन्यावरच्या सिमवर गेलो, आयपी बदलला, तरी किल्लीने खरं ठरलेलं पुढचं पाकीट आलं की सर्व्हर नवा पत्ता लिहून घेतो आणि काम पुढे चालू. परत लॉग-इन नाही.

लगेच चाललं का? छे. जोडलं गेलं, पिंग गेलं, पण रिमोट डेस्कटॉप काळा ठिक्कर. दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं, मोठी पाकिटं वाटेत अडकतायत. पाकिटाचं माप, एमटीयू, नेहमीच्या १४२० वरून १२८० वर आणलं आणि स्क्रीन उजळला. शांत बसलं की मोबाईल नेटवर्क वाट विसरतं, म्हणून दर २५ सेकंदांनी एक छोटं 'मी आहे' पाठवायची सेटिंग लावली. आणि ओटीपी? तो आता ऑफिसच्या मशीनवर लॉग-इन करताना लागतो, ऑथेंटिकेटर ॲपमधला. ते ॲप फोनच्या घड्याळावरून दर तीस सेकंदांनी आकडा काढतं, त्याला रेंज लागतच नाही. हे आधी का सुचलं नाही विचारू नका.

नाना पलंगावरून बघत होते. "काय करी ऱ्हायना रे? हे कायदेशीर आहे ना?"

आहे. २८ एप्रिल २०२२च्या सर्ट-इनच्या आदेशाने व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, पण कंपन्यांच्या स्वतःच्या, ऑफिसपुरत्या व्हीपीएनला ते लागू नाही असा खुलासा त्याच वर्षी मे महिन्यात आला. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग ठीक. पाणी दे."

सोळा रंगांच्या जमान्यातला वाटावा असा धुरकट स्क्रीन, वॉलपेपर बंद, माऊस अर्धा सेकंद मागे. पण पुढचे साडेचार आठवडे मी त्यावर काम केलं. रोज वीस-पंचवीस वेळा लाइन जायची. जाऊ दे. मी तेवढ्यात नानांना अंगणापर्यंत चालवून आणायचो. परत आलो की पुण्यातला कर्सर लुकलुकत असायचा.

वायरगार्ड सगळीकडेच चालेल असं नाही. काही हॉटेलं आणि ऑफिसं यूडीपी अडवतात, तिथे माझं जुनं ४४३ वालं ओपनव्हीपीएनच कामाला येईल. म्हणून तेही सर्व्हरवर ठेवलंय. एखाद्याचा लॅपटॉप चोरीला गेला तर सर्व्हरवरून त्याची किल्ली त्याच दिवशी काढायची, याची जबाबदारी कुणाची ते नाव लिहून ठेवलंय. माझंच आहे. निवड करायला बसलात तर एवढंच सांगेन, टेस्ट फायबरवर करू नका. मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करा, लिफ्टमध्ये शिरा, बाहेर या, आणि बघा काय उरलंय.

क्लायंटने आमच्याकडून एक लांबलचक फॉर्म भरून घेतला आणि प्रकरण मिटवलं. मित्र महिनाभर माझ्याशी जरा जपून बोलत होता. मग एका शनिवारी मिसळ खाताना म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मीही नीट झोपलो नव्हतो." डास पुण्यातही असतात म्हणायचं.

मी जूनच्या पहिल्या आठवड्यात परतलो. नाना आता काठीवर आलेत. काल फोन केला तर आई म्हणाली, ते गच्चीच्या जिन्यावर बसलेत, तिथेच रेंज येते ना, म्हणून. त्यांच्या शेजारी कुणीतरी कापडी पिशवी घेऊन बसलं होतं, त्यामुळे माझ्याशी दोनच मिनिटं बोलले.

चला, रविवार संपत आला. उद्या ऑफिस, या वेळी पायी!